सोडून गेलेल्यांसाठी सरावाची जागा

गेल्या वर्षी दिवाळी अंकांच्या धामधुमीत नारायण पेठेतल्या एका मुद्रितशोधक बाईंचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "अहो, तुमच्या त्या शुद्धलेखनाच्या प्रोग्रॅममधून लेख काढला आणि आमच्या आचाऱ्याचा आचार्य झालाय." जुन्या लग्नघरांवरचा लेख होता. लेखकाने पाठवलेल्या फाइलमध्ये 'आचाऱ्याला बोलावणं धाडलं' असं होतं. आमच्या साधनातून बाहेर पडलेल्या फाइलमध्ये 'आचार्याला बोलावणं धाडलं' झालं होतं. खाली तांबडी रेघ कुठेच नाही, कारण 'आचार्याला' हाही शब्द बरोबरच आहे. त्याच अंकातल्या दुसऱ्या लेखात कोकणात उतरताना लागणाऱ्या दऱ्या होत्या, त्यांचा दर्या झाला होता. बाईंनी डोळ्यांनी पकडलं म्हणून, नाहीतर ते तसंच छापून गेलं असतं.

मी हे साधन सांभाळणाऱ्या दोघांपैकी एक. पगार नाही, ऑफिस नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर आणि रविवारी सकाळी होईल तेवढं काम. फोन ठेवला आणि कमिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदींचा, इतिहास उलगडत बसलो. कारण सापडायला पाऊण तास लागला.

'दऱ्या'मधला र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं आणि त्याला हलन्त द्यायचा. दुसरी जुनी रीत अशी, की साधा र, मग हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. हे चिन्ह काढून टाकलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि दऱ्यांचा समुद्र होतो. आमच्या साधनात सहा ओळी होत्या, त्या जुन्या रीतीचा र आधी नव्या रीतीत बदलून घ्यायच्या आणि मगच बाकीची अदृश्य चिन्हं झाडून काढायच्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका हुशार मुलाने कोड आवरताना या ओळी उडवल्या. 'अदृश्य चिन्हं सगळी एकदम काढू, दोनदा कशाला?' असा त्याचा विचार, आणि वरवर बघता तो पटण्यासारखा होता. चाचण्या सगळ्या पास झाल्या, कारण चाचण्यांमध्ये फक्त नव्या रीतीचे शब्द होते. मी रिव्ह्यू केला, म्हणजे बदल तपासला, आणि मीच मर्ज केलं, म्हणजे तो मूळ कोडमध्ये घेतला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

त्या सहा ओळी २०१२ साली जिने लिहिल्या, तिने त्यांच्यावर एका शब्दाचीही टीप ठेवली नव्हती. कमिटच्या संदेशात एवढंच होतं: 'जुन्या फाइलींसाठी'. कोणत्या जुन्या फाइली, कुणाच्या, आणखी कुठे कुठे असंच काही सांभाळून घेतलंय, हे सगळं तिच्या डोक्यात. आणि ती २०१७ नंतर आमच्याकडे फिरकली नव्हती. तिला विचारायला हवं एवढं मला कळत होतं. विचारायचं कसं, ते कळत नव्हतं.

तेव्हापासून मी याच प्रश्नावर विचार करतोय. स्वयंसेवेवर चालणाऱ्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पातून गळालेला माणूस परत कसा आणायचा? माझं मत आता पक्कं झालंय. त्याला परत येता यावं ही जबाबदारी प्रकल्पाची आहे, आणि ती पार पाडायची तर माणसाचे हक्क आणि माणसाचा मान वेगवेगळे ठेवता आले पाहिजेत. काम थांबलं की हक्क काढून घ्यावेत, मान मात्र राहू द्यावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. पासवर्ड, किल्ल्या, कमिटचे म्हणजे कोडमध्ये थेट बदल करायचे हक्क वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात आणि माणसाचं नाव कुणाच्या तोंडी उरत नाही.

पुण्यात हे मी फार जवळून पाहिलंय. २०११ साली सप्टेंबरात पायथन भाषावाल्यांचं पायकॉन इंडिया हे संमेलन पुण्यात झालं, नोव्हेंबरात शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फेडोरा या लिनक्स प्रणालीवाल्यांचं फुडकॉन झालं. मॉडेल कॉलनीत दर वर्षी सिंबायोसिसच्या मुलांचं ग्नूनिफाय हे ओपन सोर्सचं संमेलन भरायचं. त्या दोन-चार वर्षांत या शहरात मराठी कळपाट (कीबोर्ड), फॉन्ट, भाषांतरं, शब्दयाद्या यांवर काम करणारी किती मुलंमुली होती! चहाच्या टपरीवर उभं राहून 'फोल्डर'ला 'संचयिका' म्हणायचं की 'फोल्डर'च, यावर तासन्‌तास वाद व्हायचे. आज त्यांतलं कुणी हिंजवडीत मॅनेजर आहे, कुणी कॅनडात. एकाच्या आईला अर्धांगवायू झाला आणि त्याच्या संध्याकाळी तिच्या उशाशी जाऊ लागल्या. दोघी-तिघी बाळंतपणानंतर थांबल्या त्या थांबल्याच. कुणीही भांडून गेलं नाही. कुणी राजीनामाही दिला नाही, कारण असल्या कामाचा राजीनामा देतात कुणाकडे? एक आठवडा चुकला, मग महिना चुकला, मग आपण उत्तर न दिलेल्या मेलांची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेने दार लागलं.

नव्यांसाठी मात्र आपण केवढं काय काय करतो. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, हॅक्टोबरफेस्ट २०१४ पासून. नवख्यांना झेपतील अशा कामांना 'गुड फर्स्ट इश्यू' ही चिठ्ठी लावायची पद्धत जगभर रुळली आहे. हे सगळं हवंच. पण २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या बक्षिसाच्या टी-शर्टपायी फालतू पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल स्वीकारायच्या विनंत्यांचा, असा पूर आला, की ज्या प्रकल्पांची तयारी असेल त्यांनीच सहभागी व्हावं असा नियम संयोजकांना मध्येच करावा लागला. तो पूर उपसायला बसले ते मेंटेनरच, म्हणजे प्रकल्प सांभाळणारेच, आधीच थकलेले. परत येणाऱ्यासाठी अशी एकही चिठ्ठी मी अजून कुठे पाहिलेली नाही. पाच वर्षं मन लावून काम केलेल्या माणसाने पुन्हा यायचं म्हटलं तर त्याच्यासमोर दोनच वाटा असतात. नवख्यांच्या रांगेत उभं राहायचं, नाहीतर काही घडलंच नाही असा आव आणून जुन्या खुर्चीत जाऊन बसायचं. दोन्ही अवघडच.

जुन्या माणसाचं मोल त्याने आजवर किती ओळी लिहिल्या यात नसतं. ओळी रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, असतातच. त्या तशा का लिहिल्या, आणि दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघितल्यावर काय बिघडलं होतं, हे त्याला ठाऊक असतं. कोडमध्ये न लिहिलेलं हे ज्ञान माणसाबरोबर निघून जातं. नव्या माणसाला ते पुन्हा मिळवायचं तर पुन्हा तीच ठेच खावी लागते, आणि ती ठेच कधी कधी नारायण पेठेतल्या कुणाला तरी लागते.

ठेच याहून फार मोठीही असू शकते. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की मनाच्या दीर्घ आजारपणामुळे आपल्याला पूर्वीइतकं काम होत नाही, आणि हे काम बिनपगारी आहे हेही लक्षात ठेवा. त्याच सुमाराला काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली होती: काम मंद चाललंय, मेंटेनर वाढवा, दुसऱ्याकडे द्या. मदतीला धावून आलेल्या एका नव्या 'स्वयंसेवका'ला हळूहळू हक्क मिळाले. त्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवलं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने ते जगासमोर आणलं. एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायची सोय, तिच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या बारीक शंकेवरून तो तिथवर पोचला होता. आणि नंतर तो सगळा कचरा उपसला कुणी? बाजूला झालेल्या त्या मूळ मेंटेनरनेच. त्याने परत येऊन साफसफाई केली आणि २९ मे २०२४ ला ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली.

या प्रकरणातून लोक 'अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका' एवढाच अर्थ काढतात. मला आणखी एक गोष्ट दिसते. थकलेल्या माणसाच्या आजूबाजूला त्याच्या ओळखीचं, ते काम आधी हाताळलेलं कुणी नसेल, तर जागा रिकामी राहते आणि ती भरायला जो येईल तो येतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजाचं असंच झालं होतं. मूळ लेखकाला आता त्या पॅकेजात रस उरला नव्हता. मेलवर आलेल्या एका अनोळखी माणसाने सांभाळायची तयारी दाखवली, त्याने देऊन टाकलं, आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड लाखो यंत्रांवर उतरला. जुने साथीदार असते तर हे नक्की टळलं असतं असा माझा दावा नाही. पण एकट्या मेंटेनरला 'आठवडाभर तू झोप, मी बघतो' म्हणणारं विश्वासाचं माणूस लागतं, आणि असं माणूस बहुतेक वेळा जुन्यांतच सापडतं.

आता बोलावायचं कसं, त्याविषयी. इथे मी मोठी चूक केली, ती लिहायलाच हवी. त्या फोननंतर मी त्या सहा ओळी लिहिणाऱ्या सहकारिणीला एक लांबलचक मेल धाडला. प्रकल्पाची दैना सांगितली, जुन्या दिवसांची आठवण काढली, 'तुझ्यासारख्यांनी पाठ फिरवली तर मराठीचं कसं होणार' असंही एक वाक्य त्यात होतं. उत्तर आलं नाही. आलं असतं तरच नवल. मी निमंत्रण म्हणून जे धाडलं होतं ते तिच्या दाराशी वसुलीची नोटीस म्हणून पोचलं होतं. एक्सझेडच्या मेंटेनरवर त्या खोट्या-खऱ्या नावांनी जो दाब टाकला, त्याची आणि माझ्या मेलची जात एकच होती, हे मला फार उशिरा उमगलं. फुकट काम करणाऱ्याला कर्तव्याची आठवण करून देणं हा अन्याय आहे. त्याने दिलं तेच देणं होतं, त्यावर थकबाकी चढत नाही.

तीन आठवड्यांनी मी दुसरा मेल लिहिला. तीन ओळींचा. '२०१२ मधल्या तुझ्या या सहा ओळी आम्ही काढल्या आणि दऱ्यांचा दर्या झाला. आता परत घातल्यात. जुन्या फाइली म्हणजे नेमक्या कुठल्या होत्या, आठवतंय का?' दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उत्तर आलं, आणि ते माझ्या तीन ओळींच्या दसपट होतं. एका जुन्या साप्ताहिकाचा संग्रह, एका ग्रंथालयाची सूची, जुन्या कळपाटावर टाइप केलेल्या तिच्या आजोबांच्या कविता. 'तऱ्हा'मध्येही हेच होतं, तिथे पुढचं अक्षर ह आहे, तेही बघून घे. आणि शेवटी: 'ते काढलं म्हणून वाईट वाटू देऊ नकोस. टीप मी लिहायला हवी होती.'

ज्याचं उत्तर फक्त त्याच माणसाकडे आहे असा एक खरा प्रश्न विचारावा. माझ्या अनुभवात याहून चांगलं बोलावणं नाही. त्यात 'परत ये' असं कुठेच नसतं. तू केलेलं अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, आणि ते तू का केलंस हे जाणून घ्यायची आम्हाला गरज आहे, एवढंच असतं. मान म्हणतात तो हाच. नाहीतर सत्कार, शाल आणि नारळ कुणालाही मिळतो.

काही जणांना मात्र बोलावू नये, हेही सांगतो. तब्येतीमुळे जो गेला त्याला 'कसा आहेस' एवढंच विचारावं आणि कोडचं नाव काढू नये. अपमान होऊन जो गेला त्याची आधी माफी मागावी, तीही जिथे अपमान झाला त्याच जागी, चारचौघांत.

बरं, माणूस हो म्हणाला. पुढे काय? पुढे कुलूप. एका रविवारी दुपारी मी सिंहगड रस्त्यावर त्या सहा ओळींवाल्या सहकारिणीच्या घरी गेलो. तिची मुलगी शेजारच्या खोलीत गणितं सोडवत होती. सहकारिणीने जुना लॅपटॉप काढला, जुनं फोल्डर उघडलं आणि कोड पाठवायचा प्रयत्न केला. पासवर्ड चालेना. चालणारच नव्हता, कारण गिटहबवर, म्हणजे आमचा कोड ठेवलाय त्या साइटवर, १३ ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डने कोड पाठवणं बंद आहे. पासवर्डाऐवजी चालणारी तिची एसएसएच किल्ली डीएसए या जुन्या जातीची, ती जात गिटहबने २०२२ मध्ये बाद केली. खात्याला जोडलेला मेल आधीच्या नोकरीतला, म्हणजे पासवर्ड बदलायचा संदेश जाणार तो तिच्या हातात नसलेल्या पेटीत. कोडच्या मुख्य शाखेचं नाव 'मास्टर'वरून 'मेन' झालेलं. आमची बिल्डची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवायची, स्क्रिप्ट पायथन २ वर चालायची, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० लाच थांबली. हे सगळे बदल रास्त आहेत, बहुतेक सुरक्षेसाठी केलेले आहेत. पण परत आलेल्या माणसाला ते एकामागून एक भेटतात तेव्हा त्याच्या कानात एकच वाक्य घुमतं: तुझा काळ गेला.

दोन तास झाले. ती म्हणाली, "राहू दे रे. मला आता हे जमण्यातलं नाही." असं ती म्हणाली! जिने कुणी न शिकवता युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या लिप्यांच्या मानकाचं, पुस्तक पालथं घातलं होतं, ती. मी तिथे नसतो तर तिने त्या क्षणी लॅपटॉप मिटला असता आणि आम्हाला कधी कळलंही नसतं, की ती परत यायला निघाली होती आणि उंबऱ्यावरून माघारी गेली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बिल्ड झाला. तिने 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही टाइप करून बघितले. दोन्ही वेगळे उमटले.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की परतणाऱ्यासाठी प्रकल्पाने एक पान लिहून ठेवावं. अमुक साली सोडलं असेल तर तेव्हापासून काय काय बदललं, कुठून सुरू करायचं. आणि त्याहून महत्त्वाचं, पहिल्या दिवशी शेजारी बसायला एक माणूस द्यावा. व्हिडिओ कॉलवर चालेल, पण पुण्यातल्या पुण्यात असाल तर घरी जा. चार तासांच्या या खर्चात पाच वर्षांचं ज्ञान परत मिळतं.

आता हक्कांचं. इथे माझे काही मित्र बिचकतात. 'तिला लगेच कमिटचा हक्क परत दे, नाहीतर तिला वाईट वाटेल,' असं मला दोघांनी सुचवलं. मी दिला नाही, आणि तिने मागितलाही नाही. सात वर्षं बंद असलेल्या खात्याला पूर्ण हक्क असणं हे उघड्या खिडकीसारखं आहे. ते खातं कुणी चोरलं तर आम्हाला कळणारही नाही, कारण ती कशी वागते हे आता कुणाला आठवत नाही. जुने मोठे प्रकल्प हे कधीच शिकले आहेत. फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीत बराच काळ काम न केलेल्याचा कमिटचा हक्क काढून घेतात, पण त्यासाठी त्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ 'सांभाळून ठेवायला घेतला' असा होतो. केवढा फरक पडतो एका शब्दाने! डेबियन या लिनक्स प्रणालीत २०१५ च्या सुरुवातीला १०२४ बिटांच्या जुन्या डिजिटल किल्ल्या सरसकट बाद केल्या. ज्यांनी नवी किल्ली केली नव्हती, तिच्यावर इतर डेव्हलपरांच्या सह्या घेतल्या नव्हत्या, त्यांचं अपलोड थांबलं. कठोर निर्णय, पण बरोबर. त्याच डेबियनमध्ये निवृत्त डेव्हलपरांसाठी 'इमेरिटस' अशी मानाची नोंद आहे, आणि गप्प झालेल्या मेंटेनरशी खासगीत, हळुवारपणे संपर्क साधणारा वेगळा गटच आहे. अपाचे या ओपन सोर्स संस्थेतले लोक मानतात की एकदा कमावलेली पात्रता कालबाह्य होत नाही. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मेंटेनर बाजूला झाला की त्याचं नाव 'क्रेडिट्स' नावाच्या फाइलमध्ये ठेवता येतं, आणि ते कोडबरोबर जगभर फिरत राहतं.

पण हे समजून घ्यायला कर्नलपर्यंत जायची गरज नाही, ते आपल्या नदीपात्रात दर वर्षी दिसतं. गणपतीच्या महिना-दोन महिने आधी वाद्यपूजन होतं आणि ढोलपथकांचे सराव सुरू होतात. नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला, तीन वर्षं न आलेला वादक एका संध्याकाळी येऊन उभा राहतो. 'इतके दिवस कुठे होतास?' असं त्याला कुणी दरडावत नाही. पाठीवर थाप पडते, चहा येतो, 'चल, ढोल ताणायला बस' म्हणतात. पण म्हणून त्याला थेट मिरवणुकीत पहिल्या रांगेत उभं करत नाहीत. सराव सगळ्यांना सक्तीचा, त्यालाही. दरम्यान ठेके बदललेले असतात, ताशावर नवी मुलगी असते, तिच्या इशाऱ्याकडे बघून वाजवावं लागतं. त्याचा हात बसला आहे हे दिसतं, आणि मग त्याची रांग ठरते. कुणाला यात अपमान वाटत नाही, कारण पथकात तो कधीच परका झालेला नसतो. ओपन सोर्सला हीच सरावाची जागा हवी आहे. परतणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने इतरांसारखेच पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवावेत, रिव्ह्यू घ्यावा, आणि दुसऱ्यांचे रिव्ह्यूही करावेत. मर्जचं बटण नंतर. पण त्याचं नाव यादीत पहिल्या दिवसापासून असावं, आधीच्या वर्षांसकट.

सरावाची गरज आणखी एका कारणाने आहे. जुनी माणसं परत आली की 'आमच्या वेळी' सुरू होतं, अशी नव्या मुलांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. मीही अशा एका ज्येष्ठाबरोबर काम केलंय, ज्याने परत आल्याबरोबर दोन वर्षांचे निर्णय फिरवायला घेतले. तीन मुलं सोडून गेली. एक आणताना तीन घालवणं हा तोट्याचाच व्यवहार. म्हणून माझी अट अशी, की परतणाऱ्याचा रिव्ह्यू नव्यांतल्याच कुणी तरी करावा. आमच्याकडे ज्या मुलाने त्या सहा ओळी काढल्या होत्या, त्याच्याकडेच मी तिचे पॅच दिले. पहिल्यांदा तो घाबरला. "दादा, मी ताईंना काय सांगणार?" त्याने सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. तिच्या पॅचमध्ये चाचण्या नव्हत्या. तिच्या काळात आम्ही चाचण्या लिहीतच नसू. तिने लिहिल्या, आणि त्याला प्रत्येक चाचणीमागची गोष्ट सांगितली. नव्यांना वाव द्यायचा की जुन्यांना आणायचं, हा वाद मला तेव्हापासून पोकळ वाटतो. त्या मुलाला त्या दोन महिन्यांत मराठीच्या लिपीचं जे शिकायला मिळालं, ते मी त्याला दोन वर्षांत शिकवू शकलो नव्हतो.

एक मोठा अडसर मात्र प्रकल्पाच्या हातात नाही, तो या शहराच्या हातात आहे. पुण्यात कॉलेजात असताना ओपन सोर्सचं काम केलेली मुलं नोकरीला लागली की थांबतात, याचं कारण दर वेळी वेळेचा अभाव नसतं. कारण ते सही करतात त्या करारात असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी कंपनीकडे जाते. ते समजण्यासारखं आहे. पण कितीतरी करार त्याच्या पुष्कळ पुढे जातात आणि घरी, स्वतःच्या यंत्रावर, रविवारी लिहिलेल्या ओळींवरही कंपनीचा हक्क सांगतात. मग परवानगी मागायची तर कुणाकडे, हे मॅनेजरला माहीत नसतं. विधी विभागाला मेल जातो आणि तिथेच मुरतो. आमचा एक सहकारी अशा परवानगीची वाट पाहत चौदा महिने थांबला, आणि मग त्याने विचारणं सोडून दिलं. खराडी-हिंजवडीतल्या ज्या इमारतींमध्ये हे करार होतात, त्यांतले कितीतरी सर्व्हर लिनक्सवर चालतात. तिथला सगळा धंदा कुणीतरी रविवारी लिहिलेल्या ओळींवर उभा आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण आणलं, म्हणजे सरकारलाही याच ओळी हव्या आहेत. कंपन्यांकडून देणगी नको, फलक नको. एका पानाचं पत्र द्या: 'कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं ओपन सोर्सचं काम कर्मचारी आपल्या वेळात करू शकतो, त्यावर आमचा दावा नाही.' हे एक पान मिळालं तर पुण्यातले किती हात मोकळे होतील, याचा मला माझ्याच फोनमधल्या नावांवरून अंदाज आहे.

आमच्या त्या सहकारिणीने पूर्वीसारखं काम सुरू केलेलं नाही, करणारही नाही. महिन्यातून दोनदा, मुलगी झोपल्यावर, ती लिपीशी संबंध असलेले पॅच तेवढे तपासते. बाकी कशात लक्ष घालत नाही, आणि आम्ही विचारत नाही. तिचं जुनं खातं तिने स्वतःहून बंद केलं, नवी किल्ली केली. कमिटचा हक्क तिला गेल्या महिन्यात परत मिळाला. तो देण्याची सूचना तिसऱ्या वर्षातल्या त्या मुलाने मांडली होती. त्या सहा ओळींवर आता नऊ ओळींची टीप आहे, मराठीत. तिच्यात आचारी आणि आचार्य दोघेही आहेत.

आमच्या जुन्या नोंदींत अशी आणखी अकरा नावं सापडली. त्यांतल्या दोघांना मी लिहिणार नाही, त्यांची कारणं मला माहीत आहेत. चौघांना लिहिलंय, प्रत्येकाला फक्त त्यालाच ठाऊक असेल असा एकेक प्रश्न. दोघांची उत्तरं आली. त्यांतला एक बाणेरला राहतो, २०१४ मध्ये त्याने आमची शब्दयादी लावली होती. येत्या रविवारी सकाळी दहाला मी त्याच्याकडे जातोय. सोबत तो मुलगाही येणार आहे, कारण या वेळचा बिल्ड त्याला करून दाखवायचा आहे.